पट्टीवर ‘ट्रेस’ आलंय, मग किडनीला काय झालं?

मावशी, नमस्कार. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. माझे वडील, आम्ही बापू म्हणतो, वय 63. दिवाळीच्या आधीपासून पाठ धरली होती, वाटलं सोयाबीनच्या राशीत लचक भरली असंल, तीन-चार महिने मेडिकलवरून गोळ्या आणून खाल्ल्या. मग थकवा यायला लागला, हिमोग्लोबिन 8 वर आलं, संभाजीनगरला नेलं तर कमरेच्या हाडातून तपासणी करून मल्टिपल मायलोमा सांगितला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 2.6 आहे. डॉक्टर म्हणतात किडनीला मार बसलाय, 24 तासाची लघवी गोळा करून आणा, आणि गरज पडली तर किडनीची बायोप्सी करू. पण आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये पट्टी बुडवून लघवी तपासली तर प्रोटीन फक्त ‘ट्रेस’, म्हणजे नावापुरतं आलं, लॅबवाला म्हणला लघवी जवळपास नॉर्मलच आहे. भाऊ म्हणतो मग किडनी चांगलीच असणार, हे सगळं बिल वाढवायचं काम आहे. बापू म्हणतात आता सुई नको, एकदा झाली ना बायोप्सी. लघवीतूनच कळत असंल तर बायोप्सी कशाला? आणि 24 तास लघवी डब्यात धरायची म्हणलं की ते तोंड फिरवून बसतात. आत्यानं किडनी साफ करायचा काढा पण पाठवलाय. काय करावं?
— एक लेक

ताई, आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. 32 वर्षं सरकारी दवाखान्यांच्या लॅबमध्ये काढली आणि त्यातली निम्मी लोकांची लघवी बघण्यात गेली असं आमच्या घरचे चिडवतात. त्यामुळं औषध कोणतं द्यायचं ते मला विचारू नका, पण लघवीबद्दल विचारलंत तर माझ्याकडं सांगण्यासारखं लई आहे.

तुमच्या तालुक्याच्या लॅबवाल्यानं खोटं सांगितलं नाही. आणि संभाजीनगरचे डॉक्टर पण बरोबर आहेत. दोघं लघवीत वेगवेगळी गोष्ट शोधतायत, एवढंच झालंय, आणि हे घरात कुणी समजावून सांगितलं नाही म्हणून भावाच्या डोक्यात बिलाचा किडा शिरलाय.

ती जी पट्टी असते ना, लघवीत बुडवून काढायची, रंगीत चौकोनांची, तिच्यावरचा प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो आणि प्रोटीन असलं की हिरवट होत जातो. पण तो रंग बदलतो मुख्यतः अल्ब्युमिन नावाच्या एका प्रोटीनमुळं. शुगरनं किडनी बिघडली, बीपीनं बिघडली, तर लघवीत अल्ब्युमिनच जातं, म्हणून शंभरातल्या बहुतेक पेशंटला ही पट्टी चालून जाते आणि आपण सगळे समजतो की पट्टी म्हणजेच प्रोटीनची तपासणी. मायलोमात गडबड इथंच आहे. या आजारात हाडाच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशी बेफाम वाढतात आणि एका विशिष्ट प्रोटीनचे तुकडे धडाधड रक्तात सोडतात, त्याला लाइट चेन म्हणतात, कॅपा आणि लॅम्डा असे त्याचे दोन प्रकार. हे तुकडे लहान असतात, किडनीच्या गाळणीतून आरामात खाली उतरतात, लघवीत येतात. आणि पट्टीला ते जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे माणसाच्या लघवीतून दिवसाला दोन-तीन ग्रॅम प्रोटीन वाहून चाललंय आणि पट्टीवर ‘ट्रेस’, असं होऊ शकतं, आणि मायलोमाच्या पेशंटमध्ये ते काही नवल नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, चुकीतून कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजोबा यायचे, हाडं दुखतात म्हणून, लघवी तपासली की मी आपली पट्टी बुडवायची आणि प्रोटीनपुढं ‘निल’ लिहायची, असं दोन वेळा लिहून दिलं. तिसऱ्यांदा आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी टेस्ट ट्यूबमध्ये तीच लघवी घेऊन त्यात सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायला लावले, आणि ट्यूब ताकासारखी पांढरी झाली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या ॲसिडनं अल्ब्युमिन काय आणि लाइट चेन काय, सगळ्याच प्रोटीनचा साका होतो. पट्टी कोरी आणि ॲसिडनं ट्यूब पांढरी, असा फरक दिसला की लघवीत दुसरंच प्रोटीन आहे असा संशय घ्यायचा. लई स्वस्त तपासणी आहे, बाटली कुठल्याही जुन्या लॅबच्या कपाटात मागं सापडंल, पण आता मशीन आल्यापासून कुणी काढत नाही. (क्वचित दुसऱ्या कारणानं पण गढूळ होतं, सीटी स्कॅनचा डाय नुकताच दिलेला असला किंवा काही अँटिबायोटिक चालू असल्या तर, म्हणून ती शेवटची तपासणी नाही, नुसता इशारा.)

आणि ही काही आजची गोष्ट नाही बरं का. 1845 ला लंडनमध्ये एक व्यापारी होता, 45 वर्षांचा, हाडं दुखून बेजार, आणि लघवी अशी की कपड्याला लागली की कपडा कडक व्हायचा. डॉक्टरांनी ती लघवी हेन्री बेन्स जोन्स नावाच्या माणसाकडं पाठवली आणि विचारलं हे काय आहे. त्यात एक अजब प्रोटीन निघालं, थोडं गरम केलं की साका धरतं, उकळलं की विरघळतं, गार झालं की परत साका. अंड्याचा बलक किंवा पांढरं असं कधी करत नाही, एकदा शिजलं की शिजलं. आम्ही पण ती गरम करायची टेस्ट केलीय, पाण्यात थर्मामीटर ठेवून, 40 ते 60 डिग्रीला लक्ष ठेवत उभं राहायचं. बऱ्याच वेळा ती हुकायची पण. ते ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ म्हणजेच लाइट चेन हे 1962 ला पक्कं झालं. आजही काही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘युरीन फॉर बेन्स जोन्स’ असंच लिहिलेलं असतं, ते दिसलं तर गोंधळू नका.

आता किडनीला मार कसा बसतो ते. आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला ठिबकचं उदाहरण बरं पडतं. ठिबकला फिल्टर असतो, पुढं बारीक नळ्या. शुगरमध्ये बहुतेक करून फिल्टर फाटतो. मायलोमात फिल्टर बऱ्याचदा धड असतो, पण पाण्याबरोबर असा काही गाळ येतो की पुढच्या नळ्या चोक होतात. लाइट चेन किडनीच्या बारीक नळ्यांत पोचतात, तिथं किडनीचंच स्वतःचं एक चिकट प्रोटीन असतं त्याला जाऊन चिकटतात, आणि दोन्ही मिळून नळीत बूच बसल्यासारखं होतं. त्याला कास्ट नेफ्रोपॅथी म्हणतात, जुने लोक मायलोमा किडनी म्हणायचे. नळ्या चोक झाल्या की क्रिएटिनिन चढतं. बापूंचं 2.6 आहे, मायलोमात 2 च्या वर गेलं की डॉक्टर किडनी आजाराच्या तावडीत सापडली असं धरतात आणि औषध लगेच सुरू करायच्या मागं लागतात. भावाला हे दाखवा. किडनी ‘चांगली’ असणाऱ्या माणसाचं क्रिएटिनिन 2.6 नसतं, पट्टी काही का म्हणंना.

म्हणून 24 तासाची लघवी. तिच्यात दोन आकडे वेगवेगळे मोजायला सांगतात, एकूण प्रोटीन किती आणि त्यातलं अल्ब्युमिन किती. समजा दिवसाचं एकूण प्रोटीन 2.4 ग्रॅम निघालं आणि अल्ब्युमिन फक्त 150 मिलिग्रॅम, म्हणजे शंभरात सहा. मग उरलेलं कोण? लाइट चेन. फिल्टर शाबूत, नळ्या चोक, असं चित्र. अल्ब्युमिनचा वाटा शंभरात दहाच्या आत असला तर कास्ट नेफ्रोपॅथीचा संशय पक्का होत जातो. पण समजा त्याच 2.4 ग्रॅममधलं 1.8 ग्रॅम अल्ब्युमिनच निघालं, तर गोष्ट वेगळी, फिल्टरच बिघडलाय, मग ते शुगरमुळं असू शकतं, नाहीतर लाइट चेन फिल्टरमध्येच साचून बसल्यात, त्यातला एक प्रकार अमायलॉइड. यात पायाला सूज येते, लघवीला फेस येतो. औषधाचा हिशोब, हृदयाची तपासणी, सगळंच मग वेगळ्या वाटेनं जातं.

सोबत इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन अशी दोन जड नावं चिठ्ठीवर असतील. पहिल्यात लघवीतली प्रोटीनं एका पट्टीवर वेगवेगळी पळवतात, एकाच जागी दाट रेघ आली की एकाच पेशीच्या वंशाचं प्रोटीन आहे असं कळतं, आणि दुसऱ्यात ती रेघ कॅपाची की लॅम्डाची ते ठरतं. तालुक्याला हे होत नाही, सॅम्पल पुढं पाठवतात, रिपोर्टला काही दिवस लागतात. तेवढ्यात रोज फोन करून लॅबवाल्याचं डोकं खाऊ नका, माझं पण लोकांनी असंच खाल्लंय.

रक्तातून पण फ्री लाइट चेन मोजतात, ते बापूंचं झालेलं असणार, फाइल बघा. नॉर्मल माणसात कॅपा भागिले लॅम्डा 0.26 ते 1.65 असतं. किडनी कमजोर असली की या दोन्ही लाइट चेन रक्तात तुंबतात म्हणून 3.1 पर्यंत गेलं तरी लगेच घाबरत नाहीत. पण मायलोमात एकच बाजू शेकड्यात नाहीतर हजारात जाते, ते लपत नाही. इथं लोक विचारतात की रक्तातून कळतंय तर लघवी कशाला. रक्तातून कळतं गाळ किती तयार व्हायलाय. लघवीतून कळतं तो गाळ किडनीत नेमकं काय करायलाय, फिल्टर बिघडवतोय का नळ्या.

आता बायोप्सीचं. बापूंचा एक गैरसमज आधी दूर करा, त्यांची जी झाली ती कमरेच्या हाडाची, कॅन्सर आहे का बघायला. किडनीची बायोप्सी वेगळी, त्यात पालथं झोपवून सोनोग्राफीत बघत पाठीतून सुईनं किडनीचा बारीक तुकडा घेतात. ती भीतीची गोष्ट आहे का? बहुतेकांची नीट होते. पण किडनीतून रक्तस्राव व्हायची जोखीम असते, मायलोमात रक्त गोठण्याची गडबड असू शकते, हिमोग्लोबिन आधीच 8, म्हणून डॉक्टर पण हौसेनं ती करत नाहीत. आणि त्यांनी ‘गरज पडली तर’ म्हणलंय ना, तो शब्द तुमच्या भावानं नीट ऐकला नाही.

ती गरज ठरवायचं काम ही लघवीच करते. रक्तातली लाइट चेन लई वाढलेली, लिटरमागं दीड हजार मिलिग्रॅमच्या वर, आणि लघवीत अल्ब्युमिन कमी, असं जुळून आलं तर कास्ट नेफ्रोपॅथीच धरून चालतात आणि बहुतेक वेळा बायोप्सीच्या मागं न लागता औषध सुरू करतात. उलट लाइट चेन 500 च्या आत आणि तरी क्रिएटिनिन चढलंय, किंवा लघवीत अल्ब्युमिन जास्त, तर मग किडनीला दुसरंच काही झालेलं असू शकतं, आणि तिथं तुकडा बघितल्याशिवाय अंदाजपंचे उपचार करणं म्हणजे रोग एकीकडं आणि औषध दुसरीकडं. म्हणजे तुमचं ‘लघवीतूनच कळत असंल तर बायोप्सी कशाला’ हे अर्धं खरं आहे. कळलं तर नकोच. पण कळतंय का नाही हे समजायला आधी लघवी तर नीट गोळा व्हावी लागंल, आणि तिथंच घरचे सगळे तोंड फिरवायलेत. अमायलॉइडचा संशय आला तर पोटाच्या कातडीखालची चरबी सुईनं थोडीशी काढून पण तपासतात, किडनीला हात न लावता, ते पण डॉक्टरांना विचारून ठेवा.

मोबाइलवर बातम्या येतात, लघवीतून किडनीचा आजार आधीच पकडणाऱ्या नव्या तपासण्या, एनगॅल, किम-1 वगैरे. चांगलं काम आहे ते, किडनीच्या नळीला इजा झाली की ही प्रोटीनं लघवीत लवकर वाढतात, क्रिएटिनिन चढायच्या आधीच. पण नळीला इजा झालीय एवढं सांगतात, कशामुळं झाली ते सांगत नाहीत. मायलोमात आपल्याला ‘कशामुळं’ हेच पाहिजे. म्हणून कुणी पॅकेज दाखवून त्याचे पैसे मागितले आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं नसलं तर देऊ नका.

आता गोळा कशी करायची. हा माझा हक्काचा विषय, इथं मी तुम्हाला सोडणार नाही.

लॅबमधून मोठा कॅन मिळतो, 3 नाहीतर 5 लिटरचा, तोच घ्या. घरचा तेलाचा कॅन धुऊन नको, कोल्ड्रिंकची बाटली तर मुळीच नको, आमच्याकडं एकानं अशीच आणली होती आणि लघवीत शुगर निघाली म्हणून त्या माणसाच्या घरी दोन दिवस रडारड झाली, निघाली ती बाटलीतली साखर. कॅनमध्ये आधीच काही पावडर किंवा पाणी टाकलेलं असंल तर ते धुऊन टाकू नका, हाताला पण लावू नका.

समजा सकाळी 6 ला बापू उठले. ती पहिली लघवी संडासात सोडायची, कॅनमध्ये नाही, फक्त घड्याळ बघून 6 लिहून ठेवायचं. इथं दहातले सहा लोक चुकतात. त्याच्यानंतर दिवसभराची, रात्रीची, प्रत्येक वेळची लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ला उठल्यावरची कॅनमध्ये, आणि काम संपलं. संडासला जायचं असलं तर आधी लघवी करून घ्यायची, नाहीतर ती तिकडंच जाते. एखादी वेळ सांडली, विसरली, रानात गेल्यावर बांधावर झाली, तर लपवू नका, लॅबला सांगा नाहीतर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करा. लपवून उपयोग पण नाही, आम्ही लघवीतलं क्रिएटिनिन मोजतो, 60 किलोच्या, साठीतल्या गड्याच्या दिवसभराच्या लघवीत ते साधारण ग्रॅमभर यायला पाहिजे, आणि 300 मिलिग्रॅमच आलं तर लॅबवाल्याला कळतं की हा माणूस अर्धा दिवस कॅनच्या जवळ पण गेला नाही.

कॅन गार जागी ठेवायचा. फ्रीजमध्ये ठेवायला घरातल्या बायका तयार होत नाहीत, मी पण झाले नसते. ओल्या पोत्यात गुंडाळून रांजणाच्या बाजूला, अंधाऱ्या खोलीत ठेवलं तरी बरं, पण एप्रिल-मेच्या ऊन्हात पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत अजिबात नको. संभाजीनगरला सगळा कॅन एसटीत मांडीवर घेऊन जायचं नसंल तर लॅबला आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी चालतं की कॅन हलवून एकजीव करायचा, एकूण किती मिलिलिटर झाली ते मोजून लिहायचं आणि छोट्या डबीत नमुना न्यायचा. ते एकूण माप लिहायला विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात, कारण सगळा हिशोब त्याच्यावर चालतो. अगदीच जमत नसंल तर डॉक्टरांना सांगा, सकाळच्या एकाच लघवीत प्रोटीन, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तिन्ही मोजून पण अंदाज काढता येतो. लाइट चेनचं पक्कं माप काढायला 24 तासाचीच चांगली, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरं. फक्त एक बघा, चिठ्ठीवर नुसतं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो लिहिलेलं नको, एकूण प्रोटीनचा रेशो पण पाहिजे, नाहीतर परत पट्टीचाच घोळ.

बापूंच्या लाजेचं. ताई, ते तुमच्यामुळं लाजतात, लघवीमुळं नाही. आयुष्यभर ज्या पोरीसमोर बनियनवर बसले नाहीत तिनं कॅन धरून उभं राहायचं म्हणल्यावर माणूस तोंड फिरवणारच. एक दांड्याचा प्लास्टिकचा मग आणा, तो आणि कॅन बाथरूममध्ये झाकून ठेवा, आणि तुमच्या भावाला नाहीतर मायला सांगा बापूंना समजावून सांगायला, तुम्ही त्या दिवशी बाथरूमकडं फिरकूच नका. भावाला कामाला लावा, बिलाबद्दल एवढं बोलतोय तर कॅन पण त्यानंच न्यावा.

आता जे ऐकल्याशिवाय हे पत्र बंद करू नका. त्या मेडिकलवरच्या गोळ्या. पाठदुखीला आपण ज्या खातो, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, त्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात, आणि लाइट चेननं आधीच चोक झालेल्या किडनीला ते सहन होत नाही. बापूंनी त्या तीन-चार महिने खाल्ल्यात, हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसंल तर उद्याच सांगा, गोळ्यांचे रिकामे पत्ते घरात असतील तर घेऊन जा. पाकिटावर मोठ्या अक्षरात पॅरासिटामॉल असतं आणि खाली बारीक अक्षरात ॲसिक्लोफिनॅक पण असतं, म्हणून मेडिकलवाल्याला नुसतं ‘दुखायची द्या’ म्हणू नका. पाठ दुखायलीय ती हाडामुळं, तिच्यासाठी डॉक्टरकडं वेगळी औषधं आहेत, हाडाचं इंजेक्शन असतं, पण त्यातलं एक किडनीचा आकडा बघूनच देतात. सीटी स्कॅन सांगितला कुठं तर आधीच सांगायचं, मायलोमा आहे, क्रिएटिनिन 2.6 आहे, मग डाय द्यायचा का नाही ते ठरवतील.

आत्याच्या काढ्याला हात लावू नका. आत्याला वाईट वाटू देऊ नका, बाटली ठेवून घ्या, पण द्यायची नाही. त्यात काय उकळलंय ते लिहिलेलं नसतं, आणि जी किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाही तिच्यावर पाच झाडांचा अर्क ओतणं हा प्रयोग बापूंवर नको.

द्यायचं ते पाणी. लाइट चेनचा गाळ नळीत बसू नये म्हणून लघवी पातळ आणि भरपूर व्हायला पाहिजे, साधारण दिवसाला तीन लिटरच्या आसपास सांगतात, पण पायाला सूज असली, दम लागत असला, हृदय कमजोर असलं किंवा लघवीच कमी व्हायली असली तर हा आकडा चालत नाही, म्हणून डॉक्टरांकडून बापूंचा आकडा लिहून घ्या. आपल्याकडं माणसाला पाणी कमी प्यायचीच सवय, घागरी मोजून वापरलेल्या पिढीचे आहेत ते, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा मराठवाड्यात कोण विसरंल. बापूंना ‘पाणी प्या’ म्हणून चालणार नाही, लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवा आणि संध्याकाळी बघा किती राहिल्या. जुलाब-उलटी झाली, ताप आला, तर घरी वाट बघू नका, एका दिवसाच्या पाणी कमी होण्यानं पण या किडनीचं गणित बिघडतं.

पैशाचं, भावासाठी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारा की यातल्या कोणत्या तपासण्या आत बसतात. हे बाहेर पैसे भरायच्या आधी विचारा, भरल्यावर नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बापू सध्या दुसरीकडं दाखवत असतील आणि खर्च झेपत नसंल तर तिथं फाइल घेऊन जाऊन विचारायला लाजू नका.

आणि हे लवकर करा, कारण इथं घाईला अर्थ आहे. मायलोमाचं औषध सुरू होऊन लाइट चेन झपाट्यानं उतरल्या, पहिल्या तीन आठवड्यांत साठ टक्के जरी, तर किडनी परत चालायला लागायची शक्यता बरीच वाढते. किडनीला मार बसलेला असताना मायलोमाची जी औषधं आधी सुरू करतात त्यांपैकी बोर्टेझोमिब हे पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात आणि किडनी कमजोर असली तरी त्याचा डोस कमी करावा लागत नाही. डायलिसिसचं नाव निघालं तरी ते कायमचंच असतं असं नाही, काहींचं सुटतं. पण नळ्या महिनोन्महिने चोक राहिल्या तर तिथं व्रण धरतो, मग कितीही औषध घाला.

तर सोमवारपर्यंत कॅन आणा. त्याच्यावर बापूंचं नाव, सुरू केल्याची तारीख-वेळ आणि संपल्याची वेळ परमनंट मार्करनं लिहा, साध्या पेनानं नको, ओल्या हातानं पुसून जातं आणि मग आमच्यासारखे लोक बिननावाचा कॅन हातात घेऊन अख्ख्या ओपीडीत ओरडत फिरतात, हा कुणाचा, हा कुणाचा म्हणून.